गाडी लावली, की नुसती टेकवली?



मागच्या पंधरवड्यात एका भगिनीचे पत्र आले. त्या अंगणवाडीत काम करतात. घर मळ्यात, अंगणवाडी गावात आणि मध्ये अडीच किलोमीटरची पाणंद. घरच्यांनी हौसेने स्कूटर घेऊन दिली. त्या लिहितात, ‘‘भाऊ, गाडी चालवायला मी आठ दिवसांत शिकले. पण डबल स्टँडवर लावायला दीड वर्षात जमलेले नाही. ताकदच पुरत नाही. म्हणून नेहमी साइड स्टँडवर लावते. आजवर तीन वेळा उभी गाडी पडली. एकदा आरसा फुटला, एकदा ब्रेकची दांडी वाकली. घरचे हसतात. बाईमाणसाला हे जमायचेच नाही का?’’

ताई, जमेल. आठवडाभरात जमेल. ते काम ताकदीचे नाहीच, ते कसे हे पुढे सांगतो. पण तुमचे पत्र आठ दिवस माझ्यापुढे पडून होते. उत्तर लिहायला बसलो, की एक जुनी गोष्ट आडवी येत होती. ती आधी सांगून टाकतो.

2022 सालचा आषाढ. चार दिवस भिजपाऊस लागला होता. मी सकाळी डेअरीला दूध घालून येताना पेंडीचे पोते घेऊन आलो. पोते स्कूटरवर पायापुढच्या जागेत होते. अंगणात आलो, साइड स्टँड लावला, चावी काढली आणि आत गेलो. म्हटले, आधी घोटभर चहा घेऊ, पोते मग उतरवू. गाडी जिथे लावली तिथून मोरीचे पाणी जायची वाट होती. वरून माती धरल्यासारखी दिसत होती, आतून मऊ होती.

सहा वर्षांची नात गाडीच्या डाव्या अंगाला चिखलाचे बैल करीत बसली होती. मी तिला पाहिले होते. पाहून आत गेलो होतो.

कुणी धक्का दिला नाही. वारा नव्हता. पोत्याच्या भाराने स्टँडचे टोक चिखलात हळूहळू उतरत गेले आणि गाडी तिच्या अंगावर आली. चहाचा पहिला घोट घेत होतो तेवढ्यात आवाज आला. नडगीचे हाड मोडले. पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये. देवाची दया, पाय धड भरून आला. आज ती शाळेच्या शर्यतीत पळते. पण त्या सहा आठवड्यांत तिला उचलून परसात नेताना मला जे वाटत होते, ते कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मी तीस वर्षे एस. टी.च्या आगारात पाना धरला. कामाला घेतलेल्या गाडीच्या चाकाखाली लाकडी ठोकळा लावल्याशिवाय खाली शिरायचे नाही, हे मी कितीतरी पोरांना शिकवले. आणि स्वतःच्या दारात शंभर किलोची गाडी चिखलावर टेकवून चहाला बसलो.

सून मला एका शब्दाने बोलली नाही. दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे ती ओट्याच्या कामातून उरलेला शहाबादी फरशीचा तुकडा ओढत अंगणात नेताना दिसली. खाली दोन घमेली मुरूम टाकून तिने तो पक्का बसवला. तेव्हापासून आमच्या घरची गाडी त्या फरशीवरच लागते. घरात कुणीही असो, पाहुणा असो, जागा तीच.

तेव्हा मंडळी, आजचा विषय हसण्यावारी नेऊ नका. गाडी चालवायला शिकवणारे गावात पुष्कळ भेटतात. ती उभी कशी करावी हे कुणी शिकवत नाही.

पाय तीन, तोल एक

साइड स्टँडवरची गाडी म्हणजे एक तिवई आहे. पुढचे चाक, मागचे चाक आणि स्टँडचे टोक, हे तिचे तीन पाय. पण ही तिवई लांबीला मोठी आणि रुंदीला फार थोडी. चाकांपासून स्टँडचे टोक जेमतेम वीत-दीड वीत बाहेर असते. गाडीचा सगळा भार या अरुंद तिकोनाच्या आत पडला पाहिजे. तो जरा बाहेर गेला, की गाडी आडवी.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. स्टँड डावीकडे असतो, म्हणून आपण समजतो की पडली तर गाडी डावीकडेच पडेल. तसे नाही. स्टँड रुतला तर ती डावीकडे पडते, माझी पडली तशी. पण पुष्कळ गाड्या उजवीकडे पडतात. मागे ओझे ठेवले की स्प्रिंग दबतात, गाडी खाली बसते. स्टँडची लांबी तेवढीच राहते. मग गाडी डावीकडे रेलण्याऐवजी सरळ उभी राहू लागते. त्यात उजव्या हँडलला पिशवी अडकवली, की थोडक्या धक्क्याने ती उजवीकडे जाते. तिकडे आधाराला काहीच नाही. चाकातली हवा गेली तरी हेच होते. रात्री धड उभी असलेली गाडी सकाळी उजव्या कुशीवर पडलेली दिसली, तर चोराला शिव्या देण्याआधी चाकातली हवा बघा.

जमीन बघा

आपण शेतकरी माणसे. वाफसा नसताना आपण रानात औत घालत नाही. मग वाफसा नसलेल्या जमिनीवर गाडी का लावतो? काळ्या रानात पाऊस पडून गेला की वरची कातडी सुकते आणि आत चिखल तसाच असतो. स्टँडचे टोक एवढेसे, त्याच्यावर येणारा भार मोठा. खिळा लाकडात शिरावा तसे ते आत शिरते.

नांगरलेले रान, उकिरड्याची कड, नुकतेच पाणी दिलेल्या सरीचा बांध, नवा मुरूम टाकलेला रस्ता, गोठ्यातली ओली जागा, या सगळ्या फसव्या जागा. उन्हाळ्यात डांबरी रस्ताही त्यात धरा. वैशाखात दुपारी डांबर मऊ येते आणि स्टँड त्यात बोटभर शिरतो.

उपाय पैशाचा नाही. हाताएवढी चपटी फळी किंवा जाड पत्र्याचा तुकडा गाडीच्या डिकीत टाकून ठेवा. मऊ जमीन दिसली की तो स्टँडखाली द्या. भार पसरतो, स्टँड रुतत नाही. चपटा दगड चालतो, विटेचा तुकडा चालतो. पण गोल दगड नको, तो निसटतो. कौलाची खापरी नको, ती फुटते. आणि घरी, अंगणात एक जागा कायमची पक्की करा. दोन घमेली मुरूम आणि एक फरशी, एवढाच खर्च आहे.

उतार बघा

बिनगिअरच्या स्कूटरला एक खोड आहे. मोटारसायकल आपण पहिल्या गिअरमध्ये टाकून लावतो, मग चाक सहसा फिरत नाही. बिनगिअरच्या गाडीचे इंजिन बंद केले, की मागचे चाक मोकळे. ढकलाल तिकडे जाते. म्हणून उतारावर तिची जास्त काळजी घ्यावी लागते.

साइड स्टँड पुढच्या बाजूला उघडतो आणि मागच्या बाजूला मिटतो. गाडीचे तोंड उताराकडे असेल, तर ती पुढे सरकते, स्टँड मागे मिटतो आणि गाडी कोसळते. तोंड चढाकडे असेल, तर ती मागे रेलते आणि स्टँड उघडाच राहतो. तेव्हा नियम सोपा: तोंड नेहमी चढाकडे. डबल स्टँडलाही हाच नियम; कारण गाडी पुढे सरकली की तोही सुटतो. फारच उतार असेल तर तिथे लावूच नका. चार पावले चालण्याने कुणाचे नुकसान होत नाही.

आडव्या उताराचेही बघावे. डावी बाजू फार खाली असेल तर गाडी जास्त कलते. डावी बाजू उंच असेल तर ती सरळ उभी राहून उजवीकडे पडायला टेकते. रस्त्याच्या कडेला, साइडपट्टीच्या उतरंडीवर गाडी लावताना हे हमखास चुकते.

काही स्कूटरना डाव्या ब्रेकच्या दांडीपाशी ब्रेक दाबून ठेवायचा चाप असतो. पुष्कळांना तो आपल्या गाडीला आहे हेच ठाऊक नसते. तो लावायची सवय करा. आणि हँडल डावीकडे वळवून कुलूप करा. साइड स्टँडवर डावीकडे वळलेले हँडल गाडीला जास्त स्थिर ठेवते. शिवाय चोरालाही एक अडचण.

ओझे बघा

आपल्या स्कूटरवर काय नसते? दुधाच्या किटल्या, कडब्याच्या पेंढ्या, फवारणीचा पंप, खताची गोणी. युरियाची गोणी 2018 पासून 50 ऐवजी 45 किलोची झाली, तरी गाडीच्या निम्म्याच्या आसपास ते ओझे होते. ओझे असलेली गाडी साइड स्टँडवर लावायचीच नाही, असा घरात दंडक ठेवा.

किटल्या दोन्ही बाजूंना असतील, तर त्या भरताना आणि उतरवताना गाडी डबल स्टँडवर हवी. एक भरलेली किटली काढली आणि दुसरी तशीच राहिली, की तोल एकदम बदलतो. डेअरीच्या दारात दूध सांडते ते बहुधा याच घडीला. डबल स्टँड नसेल तर दुसऱ्या माणसाने हँडल धरावे आणि मगच हात घालावा. घरी आल्यावर आधी ओझे उतरवा, मग चहा. हे मी कोणत्या तोंडाने सांगतो आहे ते तुम्हाला कळलेच आहे.

गाडी साइड स्टँडवर लावून तिच्यावर बसून गप्पा मारायची खोड तर गावोगावी आहे. पारापुढे दोन-दोन तरुण एका गाडीवर बसलेले दिसतात. त्या दोघांचा भार एका बोटभर बोल्टवर येतो. बोल्ट झिजतो, स्टँड वाकतो, आणि मग एके दिवशी गाडी आपली आपण पडली असे आपण म्हणतो. गॅरेजवाल्याकडे गाडी टाकाल तेव्हा स्टँडची स्प्रिंग आणि बोल्ट बघायला आवर्जून सांगा. सांगितल्याशिवाय तिकडे सहसा कुणी बघत नाही.

डबल स्टँड : ताकद नको, वजन हवे

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो.

1972 साली पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक स्कूटर निघू लागली. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव तिला दिलेले. नंबर लावून लोक वर्षानुवर्षे थांबत. पत्र्याची भक्कम गाडी, इंजिन उजव्या कुशीत, त्यामुळे भार त्या बाजूला जास्त. आमच्या आगारातल्या एका हेडक्लार्कांकडे ती होती. तिला मधलाच स्टँड होता. साहेब अंगाने काडीसारखे. पण टक् करून गाडी उभी करीत. आम्ही पहिलवान पोरे ओढून ओढून दमायचो. एकदा त्यांना विचारले तेव्हा म्हणाले, ‘‘अरे, तुम्ही गाडी उचलताय. मी नुसता स्टँडवर उभा राहतो.’’

सगळे गुपित एवढ्यात आले. असे करा:

गाडीच्या डाव्या बाजूला उभ्या राहा. इंजिन बंद. साइड स्टँड लावलेला असेल तर तो मिटवून घ्या. डावा हात हँडलच्या डाव्या मुठीवर, उजवा हात सीटमागच्या दांडीवर. आधी गाडी दोन्ही चाकांवर अगदी सरळ उभी करा. कललेली गाडी कुणालाच चढत नाही. मग उजव्या पायाने डबल स्टँडची दांडी खाली दाबा. आता घाई नको. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागले पाहिजेत. गाडी जराशी डावी-उजवी हलवली की हाताला ते कळते. एकच पाय टेकला असेल आणि तुम्ही जोर केलात, तर गाडी अंगावर येईल किंवा पलीकडे जाईल. चुकते ते इथेच.

दोन्ही पाय टेकले, की उजव्या पायावर सगळे अंग टाका. जिन्याची पायरी चढताना टाकतो तसे. उजवा हात गाडीला फक्त वर आणि किंचित मागे वाट दाखवील. पाठीने ओढायचे नाही. अंगाचा भार दांडीवर पडला की गाडी आपोआप मागे सरकून स्टँडवर बसते.

तरीही जड जात असेल तर आगारातली एक युक्ती सांगतो. साधारण इंचभर जाडीची फळी जमिनीवर ठेवा आणि मागचे चाक तिच्यावर घ्या. स्टँडचे पाय मात्र फळीच्या बाहेर, जमिनीवर टेकले पाहिजेत. गाडी तेवढी आधीच उचलली गेली असते, म्हणून निम्म्या कष्टात चढते. घरच्या पक्क्या जागेवर अशी फळी कायमची ठेवा. आमच्या सुनेने ठेवली आहे.

पायात घसरती स्लीपर नको. साडी असेल तर निऱ्या सावरून आणि पदर खोचून घ्या. दांडीत कापड अडकले की तोल जातो. पहिले चार दिवस पलीकडच्या बाजूला कुणाला तरी उभे करा. त्याने ओढायचे नाही, फक्त गाडी पलीकडे गेली तर आधार द्यायचा. जे घरचे हसतात त्यांनाच हे काम द्या. गरोदर भगिनींनी आणि कंबरेचे दुखणे असणाऱ्यांनी मात्र हा प्रयोग करू नये. घरातल्या दुसऱ्या कुणी गाडी लावून द्यावी, त्यात कमीपणा नाही.

गाडी खाली घेतानाही चूक होते. स्टँडवरून पुढे ढकलली की ती एकदम सुटते. म्हणून हात ब्रेकवर तयार ठेवा. चाके जमिनीला लागली की लगेच ब्रेक दाबा. साइड स्टँड आधीच उघडून ठेवला तर आणखी बरे. आणि निघताना तो आठवणीने मिटवा. अलीकडच्या पुष्कळ गाड्या साइड स्टँड उघडा असला तर चालूच होत नाहीत. जुन्या गाडीला ही सोय नाही. तिथे उघडा स्टँड डाव्या वळणावर रस्त्याला घासतो आणि माणूस आपटतो.

लेकरे आणि जनावरे

उभी गाडी म्हणजे लेकरांना घोडाच. चढतात, हँडल फिरवतात, भोंगा वाजवतात. तीन गोष्टी घरात पक्क्या करा. पहिली, चावी गाडीला कधीही ठेवायची नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. डबल स्टँडवर गाडी चालू असताना लेकराने मूठ पिळली, तर मागचे चाक गरगर फिरते आणि गाडी स्टँडवरून उडी मारते. विजेवरच्या गाडीचा तर आवाजच नसतो. ती चालू आहे की बंद, मोठ्यांनाही कळत नाही. दुसरी, गाडीच्या दोन्ही अंगांना दोन-दोन हात जागा लेकरांसाठी बंद. आमच्या अंगणात सुनेने चुन्याची रेघ ओढली आहे. तिसरी, लेकराला पुढच्या जागेत उभे करून आपण दुकानात शिरायचे नाही. आधी लेकरू खाली, मग आपण.

जनावरांचेही तसेच. म्हशीला अंग घासायला खांब लागतो; तिला स्कूटर आणि खांब यांतला फरक कळत नाही. शेळी गाडीच्या दांडीला बांधणारे महाभागही मी पाहिले आहेत. शेळीही ओढते हो!

वळवाच्या दिवसांत गाडीवर प्लास्टिकचे आच्छादन घालाल तर खालून बांधा. वावटळीत ते शिडासारखे फुगते आणि गाडी घेऊन पडते. विजेवरची गाडी चार्जिंगला लावताना ती डबल स्टँडवर, पक्क्या जागी, कडब्याच्या गंजीपासून लांब असावी. आणि वायर येण्या-जाण्याच्या वाटेत आडवी नको. पाय अडकला की माणूस आणि गाडी दोघेही पडतात.

पडू लागली तर

आता सगळ्यांत महत्त्वाचे. गाडी जराशी कलली असेल तोवर ती सावरता येते. त्यापुढे गेली, की सोडून द्या आणि मागे सरा. शंभर-सव्वाशे किलो लोखंड पडताना हाताने धरायला गेलात, तर मनगट जाते, कंबर जाते, नाहीतर तापलेला सायलेन्सर पोटरीला चिकटतो. आरसा विकत मिळतो. गुडघा मिळत नाही.

पडलेली गाडी उचलताना आधी चावी बंद करा. आसपास कुणी बिडी ओढत असेल तर त्याला लांब पाठवा. पेट्रोल सांडलेले असू शकते. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल, तर उचलण्याआधी साइड स्टँड उघडा, म्हणजे ती पलीकडे कोसळणार नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून खाली बसा. एक हात हँडलला, एक हात मागच्या दांडीला. पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर, बारीक पावलांनी मागे मागे सरकत उठा. दुसरा माणूस जवळ असेल तर त्याची वाट बघा. उचलल्यावर लगेच चालू करू नका. थोडा वेळ उभी राहू द्या. पेट्रोलचा वास येत नाही ना, ब्रेक लागतो ना, हँडल सरळ आहे ना, हे बघा. वास येत असेल तर चालू न करता ढकलतच गॅरेजवर न्या. विजेवरची गाडी जोरात आपटून बॅटरीच्या जागी तडा गेला असेल, तर ती चार्जिंगला लावू नका. आधी जाणकाराला दाखवा.

बाजारच्या दिवशी

बाजारात, यात्रेत, लग्नाच्या मांडवापुढे गाड्या एकमेकींना चिकटून लावतात. एक पडली की रांगच्या रांग पत्त्यांसारखी पडते, आणि मग कुणाच्या गाडीमुळे पडल्या यावरून भांडणे. दोन गाड्यांमध्ये माणूस सहज जाईल एवढी जागा सोडा. रांगेतली आपली गाडी काढताना शेजारची आधी डाव्या हाताने धरा. आणि दुसऱ्याची गाडी सरकवावी लागलीच, तर ती पुन्हा नीट स्टँडवर बसवून जा. तिच्यावर कुणाचे तरी दूध, कुणाचे तरी औषध असते.

ताई, एवढे सगळे एका दिवसात लक्षात राहणार नाही. म्हणून एकच सवय धरा. गाडी लावली, चावी काढली, की लगेच पाठ फिरवू नका. सीटवर हात ठेवून गाडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलकेच ढकलून बघा. मग खाली स्टँडच्या टोकाकडे बघा. मग आजूबाजूला कुणी लेकरू आहे का ते बघा. तोंडाने दहा अंक मोजायला लागतो तेवढाच वेळ. त्या दिवशी मी तेवढा वेळ दिला असता, तर पोते उतरवून मग चहा प्यालो असतो.

पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक घरात गाडीसाठी एक फरशी बसावी, एवढे या सदराने साधले तरी मला पुष्कळ झाले. बसवलीत की एक कार्ड टाका. आणि ताई, डबल स्टँड जमला की तुम्ही जरूर कळवा. मी सुनेला वाचून दाखवीन.

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर राम राम.